टोळ्या गावी निघण्याआधी सही करा

स्लॅब भरायच्या दिवशी साइटवर त्याच काँक्रीटचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात. त्यांवर तारीख आणि मजल्याचा क्रमांक घालतात, पाण्यात बुडवून ठेवतात, सातव्या दिवशी काही फोडतात, अठ्ठाविसाव्या दिवशी उरलेले फोडतात, आणि कोणता ठोकळा किती दाबाला फुटला ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवतात. सिमेंटच्या गोणीवर ती कधी भरली ते छापलेलं असतं. सळईच्या भाऱ्यांबरोबर चाचणीचा दाखला येतो. वाळूच्या गाडीची पावती फायलीला लागते. ३१ वर्षं साइट इंजिनिअर म्हणून मी ह्या फायली सांभाळल्या. ते काँक्रीट घमेल्यांनी वाहून नेणाऱ्या, ओतणाऱ्या, थापीनं सारखं करणाऱ्या माणसांची नावं मात्र त्यांतल्या एकाही फायलीत नव्हती. माझ्या रोजच्या डायरीत त्यांच्यासाठी एक ओळ असायची : सेंट्रिंग १४, गवंडी ६, बिगारी ११.

ह्या एका ओळीची किंमत मला एका सकाळी कळली. चौथ्या मजल्याच्या परांचीवरून एक मुलगा पडला. सेंट्रिंगच्या चौदांपैकी एक. रुग्णालयात नेईपर्यंत गेला. तिथे फॉर्म भरताना नाव विचारलं, तेव्हा मी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाला त्याचं हाक मारायचं नाव माहीत होतं, आडनाव नव्हतं. चारच दिवसांपूर्वी तो दुसऱ्या टोळीतून आला होता. त्याच्या खिशातल्या मोबाइलवर संध्याकाळी घरून फोन आला, तेव्हा गाव कळलं. घरच्यांच्या हातात ठेकेदारानं काही हजार रुपये ठेवले आणि गावापर्यंत गाडी करून दिली. त्यापुढे दाद मागायची तर तो आमच्या साइटवर कामाला होता, हे आधी सिद्ध करावं लागलं असतं. ते सिद्ध करणारा कागद नव्हता. तो तयार करणं माझ्या हातात होतं आणि मी तो कधी केला नव्हता.

म्हणून हे लिहितो आहे, आणि आत्ताच लिहितो आहे. गुढीपाडवा झाला. अक्षय्य तृतीया झाली की मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या टोळ्या पेरणीसाठी गावाकडे परतू लागतात. दिवाळीनंतर आलेल्या ह्या माणसांचे शहरातल्या कामाचे दिवस आता भरत आले आहेत. ते निघून गेले की त्यांनी किती दिवस, कुठे, कोणाकडे काम केलं हे सांगणारं कोणी उरत नाही.

आणि हे सांगणारा कागद फार मोलाचा आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये संसदेनं कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घ्यायचा आणि तो पैसा राज्याच्या कल्याणकारी मंडळामार्फत कामगारांवरच खर्च करायचा, अशी त्याची रचना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि उपकराच्या आणि मंडळाच्या ह्या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या गेल्या. उपकर तसाच राहिला. अटही तीच राहिली : वय १८ ते ६०, आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम. आपल्याकडे मंडळात नोंदणी असेल तर कामावर मृत्यू आल्यास वारसाला पाच लाख रुपये मिळतात. बाळंतपणाला मदत मिळते, मुलांना पहिलीपासून वरच्या शिक्षणापर्यंत शिष्यवृत्ती मिळते, हेल्मेट-बूट-पट्ट्याचा सुरक्षा संच मिळतो. नोंदणीचं शुल्क नाममात्र आहे. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, बँकेचं पासबुक, फोटो हे बहुतेकांकडे आता असतं. अडतं ते एकाच कागदाशी : ९० दिवस काम केल्याचा दाखला.

ह्या दाखल्यावर सही कोण करतं? ठेकेदार, विकासक, गावात ग्रामसेवक, शहरात महापालिकेचा अधिकारी. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारून पाहा, तो सांगेल की ह्यांपैकी कोणीही सही देत नाही. ग्रामसेवक म्हणतो, तू काम शहरात केलंस, मी कशी सही करू? वॉर्डातला अधिकारी म्हणतो, मी तुला काम करताना पाहिलेलं नाही. ठेकेदार म्हणतो, उद्या ये. तो 'उद्या' येण्यासाठी गवंड्याला एक रोज बुडवावा लागतो. दोन खाडे पडले की तो नाद सोडतो. मग कोपऱ्यावरचा दलाल पैसे घेऊन कागद करून देतो. त्यामुळेच ज्यानं कधी घमेलं उचललं नाही त्याचीही नोंदणी होते, बोगस नोंदणीच्या तक्रारी होतात, तपासणी कडक होते, आणि त्या तपासणीत पुन्हा खराच मजूर गळतो.

ठेकेदार सही का देत नाही, हे मला आतून माहीत आहे. मोठं काम कंपनी घेते. ती बांधकाम एका ठेकेदाराला देते, तो मजुरी दुसऱ्याला चौरस फुटाच्या दरानं देतो, दुसरा सेंट्रिंग वेगळ्याला आणि प्लास्टर वेगळ्याला देतो, आणि त्या शेवटच्याच्या हाताखाली मुकादमाची टोळी असते. प्रत्येक पायरीवर काम खाली सरकतं आणि माणसांची जबाबदारीही खाली सरकते. सही केली की हा माझा माणूस होता असं मान्य केल्यासारखं होतं. मग भविष्य निर्वाह निधीचं विचारतील, विम्याचं विचारतील, अपघात झाला तर भरपाईचं विचारतील. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून कागदावरची टोळी विसाच्या आतच ठेवायची, हे मी कित्येक ठिकाणी पाहिलं. पैशाचा व्यवहारही त्याच चालीचा. रोज पूर्ण हातात पडत नाही. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशोब काम संपल्यावर, मुकादमाच्या खिशातल्या वहीत. ती वही पावसात भिजली तर हिशोबही भिजला. टोळीत नवरा-बायको असतील तर कित्येकदा हजेरी जोडीच्या नावानं लागते आणि जोडीचं नाव नवऱ्याचं असतं. पोटुशी असताना सहाव्या महिन्यापर्यंत विटा वाहणारी बाई त्या वहीत कुठेच नसते. तिला बाळंतपणाची मदत कोणत्या कागदावर मिळणार?

ह्याला आपण असंघटित क्षेत्र म्हणतो. हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, हे जुन्या, मागास व्यवस्थेचं उरलेलं शेपूट आहे. देश पुढे गेला, उत्पन्न वाढलं की आपोआप गळून पडेल. अर्थशास्त्रातही ही आशा फार काळ होती. आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं की शेतीतली जादा माणसं हळूहळू आधुनिक उद्योगात जातील आणि ती संपत आली की मजुरी वाढेल. आपल्याकडे माणसं शेतीतून निघाली खरी, पण कारखान्याच्या फाटकातून फारशी आत गेली नाहीत. ती नाक्यावर येऊन थांबली. केंद्र सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये देशातले १२ टक्के कामकरी बांधकामात होते आणि कारखानदारीत ११.४ टक्के. म्हणजे सगळ्या लहानमोठ्या कारखान्यांनी मिळून जेवढ्यांना काम दिलं, त्याहून थोडं जास्तच परांच्यांनी दिलं. शेतीवर असलेल्यांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये साडेबेचाळीस टक्के होतं, ते करोनानंतर वाढलं आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांवर राहिलं. ज्या वर्षांत देशाच्या वाढीचा दर आपण अभिमानानं सांगत होतो, त्याच वर्षांतले हे आकडे आहेत.

अर्जुन सेनगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं २००७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. १९९९-२००० ते २००४-०५ ह्या पाच वर्षांत संघटित क्षेत्रात रोजगार वाढला, पण ती सगळी वाढ असंघटित स्वरूपाच्या कामांची होती. कंपनी मोठी, नाव मोठं, आणि तिच्या आवारात काम करणाऱ्याच्या हातात नेमणुकीचं पत्र नाही. मुंबईतल्या ज्या गिरण्यांमध्ये हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी आणि बोनस मिळवण्यासाठी दोन पिढ्या लढल्या, त्यांच्या जमिनींवर आज मनोरे उभे आहेत. ते मनोरे बांधणारी माणसं 'सेंट्रिंग १४' ह्या खात्यात होती. जिथे हक्क लिहिलेले होते तिथेच ते पुसले गेले. असंघटितपणा गरिबीबरोबर आपोआप येत नाही. तो रोज, साइटवर, न केलेल्या सहीनं तयार होतो, आणि म्हणूनच सही करून कमीही करता येतो.

पैसा नाही, असं कोणी म्हणू नये. १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ह्याच उपकराच्या प्रकरणात निकाल दिला. तेव्हापर्यंत देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले होते आणि त्यांतले सुमारे साडेनऊ हजार कोटीच खर्च झाले होते. ज्यांच्या घामावर हा उपकर आकारला ती माणसं रात्री प्लॅस्टिकच्या कागदाखाली झोपत होती आणि त्यांच्या नावाचा पैसा बँकांत होता. दोन्हींच्या मध्ये उभी होती ती यादी.

यादीत असण्यानं काय फरक पडतो, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. त्या वर्षी महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांच्या खात्यात मंडळाकडून आधी दोन हजार आणि नंतर तीन हजार रुपये जमा झाले. रक्कम मोठी नव्हती, पण एका कुटुंबाचा महिनाभराचा किराणा त्यात येत होता. त्याच साइटवरच्या, त्याच टोळीतल्या, नोंदणी नसलेल्या माणसाला त्यातला रुपयाही मिळाला नाही. तो चालत निघाला. आमच्या साइटच्या मागच्या पत्र्याच्या खोल्यांतून चाळीसेक माणसं एका रात्रीत निघून गेली. सकाळी तिथे फक्त चुली होत्या.

अपघातांचं तर सांगायलाच नको. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरळांब्याला गर्डर बसवणारं यंत्र कोसळून २० जणांचा जीव गेला. त्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावरून आपण आज नागपूरला आठ तासांत जातो. मोठ्या अपघातांच्या निदान बातम्या होतात, मदत जाहीर होते. परांचीवरून एकेकटा पडणारा मुलगा, लिफ्टच्या खड्ड्यात पाय घसरलेली बाई, विजेचा धक्का बसलेला प्लंबरचा हाताखालचा पोऱ्या, ह्यांची बातमी होत नाही. त्यांच्या घरच्यांना पाच लाख मिळणं न मिळणं त्या एका दाखल्यावर अवलंबून असतं.

आता तुमच्याकडे येतो.

तुम्ही सोसायटीच्या समितीवर असाल, तर उन्हाळ्यात तुमच्याकडे गळतीचं, रंगाचं, प्लास्टरचं काम निघणारच. ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला : कामावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, गाव आणि रोजची हजेरी लेखी ठेवायची, आणि शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येकाला त्यानं केलेल्या दिवसांचा दाखला द्यायचा. तुम्ही रंगाच्या कंपनीची हमी लेखी मागता, पाणी गळलं तर काय म्हणून ठेव राखून ठेवता. त्याच राखून ठेवलेल्या पैशाला ही अट जोडा. मी सांगतो, दाखले चार दिवसांत येतील. ठेकेदार फक्त बिलाची भाषा ऐकतो, हे ३१ वर्षांत मी पुरतं ओळखलं आहे.

तुमचं काम १५ दिवसांचंच असेल तर ९० कसे भरणार, असा प्रश्न येईल. ते ९० दिवस एकाच मालकाकडचे असावेत असं कायदा म्हणत नाही. तुमचे १५, पलीकडच्या गल्लीतले २०, मोठ्या साइटवरचे ६०, असे ते जमतात. पण प्रत्येकानं आपापले दिवस तारखेनिशी लिहून दिले तरच ते जमतात. एका घराचं काम काढलेल्या गृहस्थानं साध्या कागदावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे गवंडीकाम केलं' असं लिहून खाली सही, पत्ता आणि फोन क्रमांक दिला, तरी वॉर्ड ऑफिसमधल्या माणसाला 'मी पाहिलं नाही' म्हणायला जागा उरत नाही. त्याला शंका असेल तर तो तुम्हाला फोन करील. तेवढा फोन उचला.

दर वाढतील, अशी भीती काही जणांना वाटते. सहीला पैसे पडत नाहीत. आणि ज्या एक टक्क्यातून ही मदत मिळते तो तुम्ही आधीच भरलेला आहे. विकासक नकाशा मंजूर करून घेताना उपकर भरतो आणि तुमच्या फ्लॅटच्या किमतीत धरतो. बांधकामावर ५० लाख खर्च झाला तर त्यातले ५० हजार ह्या माणसांचे. तुमच्या खिशातून गेलेला तो पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचला की नाही, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझ्या व्यवसायबंधूंना वेगळं सांगायचं आहे. साइट इंजिनिअरांनो, ठेकेदारांनो, आपल्याला ह्या माणसांची नावं माहीत नाहीत ही गोष्ट आपण स्वीकारून टाकली आहे. रोज सकाळी पाऊण तास हजेरीला जाईल म्हणून आपण आकडा लिहितो. आज मोबाइलवर फोटोसकट हजेरी दहा मिनिटांत होते. जो ठोकळ्यावर तारीख घालतो त्याला माणसाचं नाव लिहिणं अवघड नाही. टोळी निघायच्या आधी एक दिवस ठरवा, मुकादमाची वही समोर घ्या, बायकांची नावं वेगळी लिहायला लावा आणि सह्या करून टाका. ज्या दिवशी मी पहिल्यांदा असे दाखले दिले, त्या दिवशी एका गवंड्यानं कागद घडी न घालता, सपाट, पासबुकात ठेवला. तो वीस वर्षं इमारती बांधत होता. त्यानं काम केल्याचा तो पहिला कागद होता. माझी नोकरी तेव्हा संपत आली होती. हे मी तीस वर्षं आधी करायला हवं होतं.

ग्रामसेवकांना आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. खोट्या दाखल्याला नाही म्हणा, जरूर म्हणा. पण दारात आलेल्या माणसाचे हात बघा, त्याला कामाचे दोन प्रश्न विचारा. ओळंबा कशाला लावतात, मालात सिमेंटला वाळू किती धरतोस. खरा गवंडी कोण आणि विकत घेतलेला कागद कोणता, हे दोन मिनिटांत कळतं.

ज्यांना वेळ आहे, निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, महाविद्यालयातली मुलं, त्यांनी एक रविवार सकाळी सात वाजता आपल्या भागातल्या मजूर अड्ड्यावर जावं. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, आणि तो भरून द्यायचे दुकानदार पैसे घेतात. तुम्ही मोबाइलवर भरून द्या. नोंदणीचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, तेही पाहा; मुदत संपली आहे हे माहीत नसल्यानं अनेकांचा हक्क बुडतो. तिथे मुकादम तुम्हाला विचारील, तुम्ही कोणत्या पक्षाचे. खरं ते सांगा आणि फॉर्म भरायला बसा.

आणि नाक्यावरच्या भावांनो, बहिणींनो, हे कोणी तुम्हाला वाचून दाखवत असेल तर एवढं करा. रोज कामावर पोहोचल्यावर जागेचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा. ठेकेदाराचं नाव आणि नंबर लिहून ठेवा. खर्ची घेतली की तारीख टाका. कागद मागताना भीक मागतोय असं वाटू देऊ नका, तो तुमच्या कामाचा हिशोब आहे.

अक्षय्य तृतीयेनंतर बसस्थानकांवर पोती, स्टोव्ह आणि घमेली बांधून बसलेल्या टोळ्या दिसू लागतील. दाखला एका पानाचा असतो. नाव, गाव, कामाचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, सही आणि शिक्का. तुमच्याकडे काम केलेला माणूस त्या बसमध्ये चढायच्या आत तो त्याच्या हातात द्या.